रायगडावर चार वर्षांचं पोर

आजचा भाग नेहमीसारखा स्टुडिओत बसून, पुस्तकं समोर ठेवून तयार झालेला नाही. तो तयार झाला रायगडाच्या पायऱ्यांवर, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात चार वर्षांच्या लेकीचा घामेजलेला हात धरून.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रायगड केला असेल. मीही कॉलेजात असताना चार-पाच वेळा केला होता. पहाटे चढायचं, जयजयकार करायचा, सिंहासनासमोर फोटो काढायचा आणि दुपारी जेवायला खाली. पण यावेळी पोर बरोबर होतं आणि तोच गड मला वेगळा दिसला. इतक्या वेळा जाऊन जे दिसलं नव्हतं ते दिसलं. म्हणून आजचा विषय आहे रायगडावरची लहान मुलं आणि त्यांच्या आया.

पायथा: आजी खाली, नातू वर

निघायच्या आदल्या रात्री घरात नेहमीची चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या लहान पोरीला डोंगरावर कशाला नेता? रोपवे आहे ना, त्याने जा." नवऱ्याचंही मत रोपवेकडेच झुकलेलं. चार-पाच मिनिटांत वर, कटकट नाही. पण मला पायऱ्याच चढायच्या होत्या. शेवटी तोडगा निघाला, पायऱ्यांनी चढायचं आणि पोर दमली तर आळीपाळीने उचलायची. आता चार वर्षांच्या पोरीला आळीपाळीने उचलणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

महाडहून येताना गडाच्या पायथ्याशी पाचाड लागतं. तिथे जिजाऊंची समाधी आहे. गडावरचा वारा आणि गार हवा उतारवयात सोसत नव्हती, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली पाचाडला वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला. त्यानंतर 11 दिवसांनी, 17 जूनला, जिजाऊ पाचाडला गेल्या.

समाधीपाशी उभी असताना माझ्या डोक्यात एक साधा हिशोब आला. राजाराम महाराजांचा जन्म 24 फेब्रुवारी 1670 चा. म्हणजे राज्याभिषेकाच्या दिवशी ते किती वर्षांचे होते? चार वर्षं आणि साडेतीन महिने. माझ्या लेकीएवढेच!

शाळेत आपण राज्याभिषेकाचं चित्र पाहिलंय. त्यात छत्र आहे, गागाभट्ट आहेत, अष्टप्रधान आहेत. त्या गर्दीत एक चार वर्षांचं पोर होतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि चार वर्षांचं पोर कसं असतं ते मला आता रोज दिसतं. त्याला भूक लागते, झोप येते, मोठ्यांचे विधी संपता संपत नाहीत म्हणून ते कंटाळतं. राजघराण्यातलं असलं तरी पोर ते पोरच.

पायऱ्या: ताकवाली मावशी

आम्ही चढायला सुरुवात केली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सातला निघायचं ठरलं होतं, पण पोर बरोबर असलं की घड्याळ त्याच्या तालावर चालतं. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत. पहिल्या शंभर तिने उड्या मारत केल्या. पुढच्या शंभर मोजत केल्या, "एकोणतीस"नंतर थेट "चाळीस" म्हणत. मग मात्र ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "आई, गड इकडेच असू दे ना."

तिथेच एक मावशी ताकाची किटली आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "द्या हो ताई, पोरीला थोडं ताक द्या. उन्हाचं बरं असतं." ताक पिऊन लेक पुन्हा माणसात आली आणि मी मावशींशी गप्पा मारत बसले. रोज खालच्या वाडीतून चढून येतात. किटली डोक्यावर. मी विचारलं, तुमची मुलं लहान होती तेव्हा काय करायचात? म्हणाल्या, "थोरलीला सासूपाशी ठेवायचे. धाकटा अंगावर पीत होता, त्याला पाठीशी बांधून आणायचे. काय करणार? विकल्याशिवाय चूल कशी पेटणार?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे पुन्हा लागणार आहे.

हत्ती तलाव: इंग्रज वकिलाला पडलेला प्रश्न

महादरवाजा ओलांडून वर आलो की डाव्या-उजव्या बाजूला पाणी साठवायच्या जागा दिसायला लागतात. त्यातला एक हत्ती तलाव. नाव ऐकल्याबरोबर लेकीचा प्रश्न आला, "हत्ती? पायऱ्यांनी चढले?"

आता गंमत ऐका. अगदी हाच प्रश्न 1674 मध्ये एका साहेबालाही पडला होता. त्याचं नाव हेन्री ऑक्झिंडन. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून तो मुंबईहून आला होता. महाराज प्रतापगडाहून परत येईपर्यंत त्याला पाचाडला थांबावं लागलं होतं. राज्याभिषेकाचं त्याने लिहून ठेवलेलं वर्णन आजही इतिहासकारांच्या कामाला येतं. दरवाजापाशी त्याने लहान चणीचे हत्ती आणि दोन उमदे घोडे उभे पाहिले आणि नवल केलं की एवढ्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली तरी कशी!

याचं लोकांच्या तोंडी असलेलं उत्तर मला फार आवडतं. म्हणतात की हत्तींना लहान पिल्लं असतानाच वर आणलं आणि ते गडावरच मोठे झाले. ही ऐकीव गोष्ट आहे, पुरावा म्हणून सांगत नाहीये. पण लेकीला ती शंभर टक्के पटली. "म्हणजे हत्तीच्या बाळालापण कडेवर घेतलं?" मी म्हटलं, "हो, आणि त्याचे आईबाबापण आमच्यासारखेच दमले असतील."

राणीवसा: गड म्हणजे घर

पालखी दरवाजातून बालेकिल्ल्यात शिरलो आणि लेकीने जाहीर केलं, "आई, शू!" प्रत्येक आईबापाला हा क्षण माहीत आहे. तो नेहमी चुकीच्या जागी येतो.

पण इथे तो इतिहासाच्या दृष्टीने अगदी बरोबर जागी आला होता. आम्ही उभे होतो राणीवशाच्या अवशेषांपाशी. ओळीने महालांची जोती आहेत आणि त्यांना लागून शौचकूप आहेत, त्यांतून सांडपाणी बाहेर जायची सोयही दिसते. मी आधी इथून चार-पाच वेळा गेले होते. गाइडने ते दाखवलं की आम्ही हसायचो आणि पुढे जायचो. यावेळी मी तिथे थांबले. (लेकीची सोय अर्थातच दूर, योग्य ठिकाणी केली. अवशेषांत नाही. तुम्हीही करू नका!)

विचार करा, डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटरवर, कोकणातल्या पावसात, बायका आणि लहान मुलं रात्री-अपरात्री कुठे जाणार? बांधणाऱ्यांनी तो विचार केला होता. बांधकामाचं काम हिरोजी इंदुलकरांकडे होतं. त्यांनी बुरूज बांधले हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी मोरीही बांधली, हे तितक्याच अभिमानाने सांगायला हवं. कारण बुरुजावर माणूस लढतो, पण मोरी असेल तिथेच माणूस राहतो. गंगासागर तलाव, पाण्याची टाकी, धान्याची कोठारं, बाजारपेठ हे सगळं एका वाक्यात सांगायचं तर तिथे घर होतं.

पुढे राजदरबाराच्या मोकळ्या जागेत गेलो. नगारखान्यापासून सिंहासनाची जागा 200 फुटांहून लांब आहे. तरी एका टोकाला कागद फाडला, कुजबुज केली, तर दुसऱ्या टोकाला ऐकू येते. नवरा तिकडे नगारखान्याशी उभा राहिला, लेक इकडे माझ्याजवळ. तो हळूच काहीतरी बोलला. लेकीचे डोळे मोठे झाले. "बाबा म्हणाला, चिक्की आहे!" इतकी शतकं झाली तरी ती जागा आपलं काम करते आहे.

1674 मध्ये इथे चार वर्षांचे असलेले राजाराम महाराज 1680 मध्ये दहा वर्षांचे होते. त्या वर्षी मार्चमध्ये गडावर त्यांचं लग्न झालं, 3 एप्रिलला वडील गेले आणि एप्रिल संपायच्या आत दरबारातल्या एका गटाने त्यांना मंचकावर बसवलं. थोड्याच दिवसांत थोरले बंधू संभाजी महाराज गडावर आले आणि राज्य त्यांच्या हाती गेलं. राजकारण म्हणून आपण हे सगळं वाचतो. पण दहा वर्षांचं पोर, एका महिन्यात लग्न, वडिलांचा मृत्यू आणि गादी. हे सगळं त्याच्या बाजूने कुणी बघितलंय?

बाजारपेठ: दोन मिनिटं

आता थोडं अवघड सांगते.

होळीच्या माळावरून पुढे बाजारपेठेच्या दोन समोरासमोर रांगा आहेत. उंच दगडी जोती, मधून रुंद रस्ता. तिथे आम्ही डबा उघडला. मी पाठ फिरवून बॅगेतून लोणच्याची बरणी काढली आणि वळले, तर लेक नाही.

नवऱ्याला विचारलं, "तुझ्याकडे आहे ना?" तो म्हणाला, "नाही, तुझ्याकडे होती ना?"

हे दोन प्रश्न एकमेकांवर आदळले की पोटात काय होतं ते सांगता येत नाही. कडा तिथून लांब होता, हे मला माहीत होतं. पण डोक्यात फक्त कडाच होता. मी हाक मारली. वाऱ्याने ती उडवून नेली. मी एका रांगेने धावले, तो दुसऱ्या. एका ग्रुपमधली मुलं खाणं टाकून शोधायला उठली.

ती सापडली तिसऱ्या की चौथ्या जोत्यामागे, दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेली. लपाछपी खेळत होती. आम्हाला न सांगता! सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

दोन मिनिटं. आणि मग त्याच जोत्यावर बसून मला येसूबाई आठवल्या.

येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू

गोष्ट 1689 ची. फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. रायगडावर त्यांच्या पत्नी येसूबाई होत्या आणि त्यांचा मुलगा शाहू. शाहूचा जन्म 18 मे 1682 चा, माणगावजवळच्या गांगवलीचा, म्हणजे गडाच्याच टापूतला. वय पुरतं सात वर्षंही नाही.

इतिकादखानाचा वेढा गडाभोवती पडत होता. सगळे एकाच गडावर अडकले तर सगळेच एकदम हाती लागतील. येसूबाईंनी निर्णय घेतला की राजाराम महाराजांनी बाहेर पडायचं आणि राज्य पुढे न्यायचं. आपण मुलाला घेऊन गडावर थांबायचं. एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम महाराज निसटले, प्रतापगड, पन्हाळा करत पुढे दूर दक्षिणेत जिंजीला पोहोचले. येसूबाई मागे राहिल्या.

गड नोव्हेंबरपर्यंत लढला. मधे अख्खा पावसाळा गेला. रायगडावरचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं असतं. त्या धुक्यात, वेढ्यात, एका आईने वडील गेलेल्या सात वर्षांच्या मुलाला सांभाळलं. त्यालाही खाली पळायचं असेल, पावसात भिजायचं असेल, "बाबा कधी येणार" असं विचारायचं असेल.

नोव्हेंबर 1689 मध्ये गड पडला. येसूबाई आणि शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. इतिकादखानाला या कामगिरीबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. पुढची अठरा वर्षं शाहू वाढला तो मुघल छावणीत. छावणी म्हणजे तंबूंचं फिरतं शहरच, बादशहा जाईल तिथे जाणारं. काही वर्षं ती भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. औरंगजेबाच्या मुलीने, झीनतुन्निसाने, शाहूला मायेने वागवलं असं इतिहासकार सांगतात. 1707 मध्ये औरंगजेब मेला आणि शाहूची सुटका झाली. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा तरुण होता.

आणि येसूबाई? त्यांना सुटायला 1719 उजाडलं. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले, तेव्हा त्या घरी आल्या. हिशोब करा, 1689 ते 1719. तीस वर्षं. मी दोन मिनिटांत गळाले होते.

हिरकणी: लेकीचा प्रश्न

परतताना गंगासागरापासून पश्चिमेकडे जाणारी चिंचोळी वाट दिसते. ती जाते हिरकणी बुरुजाकडे. पोर बरोबर असल्याने आम्ही टोकापर्यंत गेलो नाही, लांबूनच पाहिलं. तिथे बसून मी तिला गोष्ट सांगितली. तुम्हा सगळ्यांना ती माहीत आहे. गवळण दूध विकायला गडावर आली. कोजागरीचा दिवस. उशीर झाला, सूर्य मावळला, दरवाजे बंद. घरी तान्हं बाळ. पहारेकरी ऐकेनात. मग ती अंधारात कडा उतरली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून तिचं नाव दिलं.

ही दंतकथा आहे, हे इथे स्पष्ट सांगते. तिच्यामागे सन-तारखेचा कागद उभा नाही. येसूबाईंची गोष्ट इतिहास आहे, हिरकणीची लोकस्मृती. पण लोक एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत राहतात तेव्हा तीत त्यांच्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी खरं असतं. गडाला रोज दूध लागायचं. ते खालच्या वाड्यांमधून बायका आणायच्या. दरवाजे सूर्यास्ताला बंद व्हायचे. त्यांची पोरं खाली असायची. मला सकाळच्या ताकवाल्या मावशी आठवत होत्या. विकल्याशिवाय चूल कशी पेटणार?

लेकीने गोष्ट नीट ऐकली. मला वाटलं आता विचारेल, "तिला लागलं का?" तिने विचारलं, "बाळाला कोणी घेतलं होतं?"

मी म्हटलं, ते एकटंच होतं.

"त्याचा बाबा?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला लागला.

मग तिने जे विचारलं त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. "आता तिकडे भिंत बांधली. मग परत उशीर झाला तर ती कुठून जाणार?"

मंडळी, इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय आपण. बुरूज बांधला म्हणजे उतरायची ती वाट बंद झाली, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. गडाच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, शत्रू तिथून चढू नये. पण गोष्टीतली आई दुसऱ्या दिवशीही दूध घेऊन येणार होती. बाळ दुसऱ्या दिवशीही घरी असणार होतं. आणि दरवाजा दुसऱ्या दिवशीही सूर्यास्तालाच बंद होणार होता.

आपण आईच्या धाडसाला टाळ्या वाजवतो. तिच्यावर सिनेमा काढतो, एसटीच्या निमआराम गाडीला तिचं नाव देतो. ते छानच आहे. पण तिच्या नावाची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष. चार भिंती आणि एक दार, बाळाला शांतपणे पाजायला. डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही हिरकणी कक्ष सुरू झाला. तिथे आईला कडा उतरावा लागत नाही. दरवाजाच थोडा उघडा ठेवलेला असतो. लेकीच्या प्रश्नाला यापेक्षा जवळचं उत्तर मला सापडलेलं नाही.

उतार

उतरायला आम्हाला उशीर झालाच. नोव्हेंबरचा दिवस, साडेपाचनंतर उजेड भराभर उतरतो. लेक नवऱ्याच्या खांद्यावर झोपली. आळीपाळीचा करार त्याने एकट्याने पाळला, नाडीचं प्रायश्चित्त म्हणून असेल. मी पुढे मोबाइलचा टॉर्च धरून. महादरवाजाखाली सकाळच्या मावशी भेटल्या, रिकामी किटली घेऊन झपाझप उतरत होत्या. आमच्या पुढे निघून गेल्या. जाता जाता झोपलेल्या पोरीच्या पायाला हात लावून म्हणाल्या, "दमलं लेकरू. सावकाश या, दव पडलंय, पायरी निसरडी आहे."

मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पडला, वाडे जळाले. तेव्हाही गडावर घरातलं माणूस होतं, दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई. त्या खाली उतरल्या आणि गडाचं घरपण संपलं. नंतर आपण त्याला आठवलं ते तलवारीने, तोफेने, सिंहासनाने. आठवायलाच हवं. पण पुढच्या वेळी जाल तेव्हा राणीवशापाशी दोन मिनिटं जास्त थांबा. इथे पोरं रांगली, रडली, पडली, मोठी झाली. ती दिसायला लागली की गड खूप जवळचा वाटतो.

आणि घरात लहान मूल असेल तर त्यालाही न्या. फक्त लवकर निघा, पाणी दुप्पट घ्या, लेकराच्या गळ्यात शिट्टी अडकवा आणि "तुझ्याकडे आहे ना?" हे दर पाच मिनिटांनी मोठ्याने विचारा. वाटेत ताकवाल्या मावशी भेटल्या तर ताक घ्या. घासाघीस करू नका.

तुमच्या घरात एखाद्या आजीने, आईने पोराला पाठीशी बांधून डोंगर चढल्याची गोष्ट असेल, तर तिच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आज करा, उद्यावर टाकू नका.

भेटूया पुढच्या भागात. लेक आत्ता शेजारी बसून हत्तीच्या बाळाचं चित्र काढते आहे. त्याला पायऱ्या चढवायच्या की कडेवर घ्यायचं, यावर अजून तिचं ठरत नाहीये. नमस्कार!